छोट्या डब्यातलं घरगुती ओव्हरड्राइव्ह पेडल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक आयसी, दोन नॉब, एक पायाचा स्विच आणि तळहातावर मावेल एवढा ॲल्युमिनियमचा डबा. एवढ्या सामानात गिटारसाठी चांगलं ओव्हरड्राइव्ह पेडल घरी बनतं. मी अशी काही बनवली, त्यातली दोन पहिल्या फटक्यात वाजली आणि बाकीच्यांनी मला शिकवलं. लोक सर्किटाला घाबरतात. खरा घाम डबा काढतो, म्हणून खाली डब्यावर जास्त लिहिलंय.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे नेमकं काय? डिस्टॉर्शन आणि फझ वेगळे का मोजतात?

घरातला स्पीकर फाटला की आपण तो दुरुस्तीला नेतो. गिटारवाला तोच फाटका आवाज पैसे मोजून विकत घेतो. जुने व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर कुवतीबाहेर वाढवले की आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जायचे आणि सुराला एक खरबरीत जाडी यायची. ती लोकांना आवडली. पुढे तोच परिणाम पायाखालच्या डबीत आणायची धडपड सुरू झाली. १९६२ मध्ये माएस्ट्रोचं फझ-टोन आलं, १९७७ मध्ये बॉसचं ओडी-१, आणि त्याच दशकाच्या अखेरीस आयबानेझचं हिरवं ट्यूब स्क्रीमर.

शेंडे कसे छाटले जातात त्यावर नाव ठरतं. कडा गोल ठेवून छाटले तर ओव्हरड्राइव्ह, सपाट कापले तर डिस्टॉर्शन, आणि लाट जवळजवळ चौकोनी झाली तर फझ. या सीमारेषा कागदावरच ठळक आहेत. हातांना जाणवणारा फरक असा की ओव्हरड्राइव्हवर तार हळू छेडली तर आवाज बराचसा स्वच्छ राहतो आणि जोरात मारली की फाटतो. गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला तरी पेडल शांत होतं.

मला इलेक्ट्रॉनिक्स येत नाही. जमेल का?

रेझिस्टरचे रंग तक्त्यावरून ओळखता येत असतील, मल्टिमीटरची बीप ऐकता येत असेल आणि चिडून सामान भिंतीवर फेकायची सवय नसेल, तर जमेल. पेडल नऊ व्होल्टवर चालतं, त्यामुळे शॉक लागायची भीती नाही. सोल्डरिंगने बोटं मात्र भाजतात. पहिल्यांदाच सोल्डरिंग करत असाल तर आधी तुटक्या वायरींवर एखादी संध्याकाळ घालवा.

सर्किट सांगा ना.

सांगतो. टीएल०७१ हा एकेरी ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारा आयसी) धरून पिना दिल्या आहेत.

आधी वीजपुरवठा. अडॅप्टरच्या धन टोकापासून १एन५८१७ डायोड, त्याच्यापुढे १०० ओहमचा रेझिस्टर, आणि तिथून जमिनीला (म्हणजे सर्किटाच्या शून्य व्होल्टच्या लाइनला, अडॅप्टरच्या ऋण टोकाला) १०० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ही झाली आपली स्वच्छ नऊ व्होल्टची लाइन, ती पिन ७ ला. पिन ४ जमिनीला. याच लाइनपासून जमिनीपर्यंत १० केचे (के म्हणजे हजार ओहम) दोन रेझिस्टर एकापुढे एक लावा. त्यांच्या मधल्या सांध्यावर साडेचार व्होल्ट मिळतात. त्या सांध्यापासून जमिनीला ४७ मायक्रोफॅरड लावा. गिटारचा सिग्नल वर-खाली झुलतो आणि आपल्याकडे ऋण व्होल्टेज नाही, म्हणून त्याला झोपाळा बांधायला ही मधली फांदी.

सिग्नल येतो तिथे आधी १ मेगचा (दहा लाख ओहमचा) रेझिस्टर जमिनीला, म्हणजे स्विच दाबताना फट् असा आवाज येत नाही. मग २२ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून पिन ३. पिन ३ पासून ४७० के त्या साडेचार व्होल्टच्या सांध्याला.

पिन २ पासून ४.७ के आणि त्याच्या पाठोपाठ ४७ नॅनोफॅरड जमिनीला. पिन ६ म्हणजे आउटपुट. तिथून परत पिन २ कडे ३३ के आणि ५०० केचा पॉट (नॉबने फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) एकापुढे एक. हा ड्राइव्हचा नॉब. या जोडीला समांतर दोन १एन४१४८ डायोड, एकमेकांच्या उलट तोंडाने, आणि त्यांच्याही समांतर ४७ पिकोफॅरडचा छोटा सिरॅमिक.

शेवटी पिन ६ पासून १ मायक्रोफॅरड (धन पाय पिनकडे), मग १ के, आणि तिथून जमिनीला ४७ नॅनोफॅरड. त्याच जागेवरून १०० केच्या व्हॉल्यूम पॉटच्या एका टोकाला. पॉटचं दुसरं टोक जमिनीला, मधला पाय बाहेर. संपलं सर्किट.

हे सर्किट असंच का? थोडं समजावून सांगाल का?

ड्राइव्हचा नॉब पूर्ण खाली असताना गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, ३३ भागिले ४.७ अधिक १, म्हणजे साधारण ८. पूर्ण वर ५३३ भागिले ४.७ अधिक १, म्हणजे ११४ च्या आसपास. गिटारमधून समजा १०० मिलिव्होल्ट आले तर ११४ पटींनी ते अकरा व्होल्टच्या वर जायला हवेत. जात नाहीत, कारण साधारण ०.६ व्होल्टला डायोड वाहू लागतात आणि गेन कोसळतो. पण तो शून्यावर येत नाही, एकपर्यंत येऊन थांबतो. म्हणजे मूळ सिग्नल वर कायम स्वार असतो, म्हणून शेंडा गोल राहतो. हेच डायोड आउटपुटपासून थेट जमिनीला लावले असते तर शेंडे सपाट कापले गेले असते आणि आवाज जास्त उद्धट झाला असता.

४.७ के आणि ४७ नॅनोची जोडी सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा गेन कमी करत नेते. जाड तारांचा चिखल होऊ नये म्हणून ही सोय. ट्यूब स्क्रीमरचा तो नाकातून आल्यासारखा मधला सूर बराचसा इथूनच येतो, आणि आपलं सर्किट त्याच घराण्यातलं आहे. शेवटचे १ के आणि ४७ नॅनो ३.४ किलोहर्ट्झच्या वरची किरकिर हळूहळू उतरवतात. वेगळा टोनचा नॉब मी ठेवत नाही. लहान डब्यात तिसऱ्या पॉटला जागा द्यायची म्हणजे लोकलमध्ये चौथी सीट.

४५५८ आयसी वापरला तरच खरा आवाज येतो असं ऐकलंय.

जेआरसी ४५५८ ट्यूब स्क्रीमरमध्ये होता, त्यामुळे त्याच्याभोवती आख्यायिका तयार झाली. आपल्याकडे गंमत अशी की ४५५८ रिपेअरवाल्यांचा रोजचा आयसी आहे, होम थिएटरच्या टोन बोर्डांवर तो सर्रास असतो. जरूर वापरा. फक्त तो दुहेरी आहे, पिना वेगळ्या: १ आउटपुट, २ आणि ३ इनपुट, ८ ला नऊ व्होल्ट, ४ जमिनीला. उरलेला अर्धा भाग लोंबकळत ठेवू नका. पिन ६ आणि ७ एकमेकींना जोडा आणि पिन ५ साडेचार व्होल्टच्या सांध्याला.

मी दोन्ही चिप बदलून ऐकल्या आहेत. डोळे मिटून मला फरक सांगता आला नाही. डायोड बदलल्यावर लगेच सांगता आला. म्हणून आयसी कधीही थेट बोर्डावर सोल्डर करू नका, आयसी बेस लावा आणि स्वतःच्या कानांनी भांडण मिटवा.

सामान कुठे मिळेल? दुकानात काय मागायचं?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. बाकी शहरांत रेडिओ-टीव्ही रिपेअरच्या सामानाचं एखादं जुनं दुकान शोधा. काउंटरवर कपॅसिटरला ‘कंडेन्सर’ म्हणतात आणि आकडे कोडमध्ये बोलतात: २२ नॅनो म्हणजे २२३, ४७ नॅनो म्हणजे ४७३, १०० नॅनो म्हणजे १०४. प्रत्येकी एक मागू नका. रेझिस्टर दहा-दहा घ्या, दुकानदाराच्या कपाळावर आठी पडत नाही आणि पुढचं पेडल अर्धं तयार होतं. पॉटवर ए१००के, बी५००के असं लिहिलेलं असतं. सहसा ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. दोन्ही नॉबना ए घ्या. ड्राइव्हला बी लावलात तर सगळा बदल नॉबच्या पहिल्या पाव फेरीत उरकतो आणि पुढे नुसतं फिरवत बसायचं.

बोर्डावरचे सुटे भाग मिळून तारांच्या एका बऱ्या सेटपेक्षा स्वस्त पडतात. पैसे जातात ते पायाचा स्विच, जॅक आणि डब्यात. नऊ पायांचा स्विच (थ्रीपीडीटी) आणि डायकास्ट डबा प्रत्येक गल्लीत मिळेलच असं नाही, ते ऑनलाइन मागवावे लागतात.

ब्रेडबोर्डवर आधी लावू की सरळ सोल्डर करू?

आधी ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचून जोडायचा भोकांचा बोर्ड. तिथे थोडी घूं घूं ऐकू येईल, ती धरू नका. आवाज पटला की झिरो पीसीबीवर (भोकं पाडलेल्या साध्या सोल्डरच्या बोर्डावर) उतरवा. रेझिस्टर उभे लावले तर साधारण २५ × ३५ मिलिमीटरचा तुकडा पुरतो. आणि डब्यात घालण्याआधी, उघडा बोर्ड टेबलावर ठेवून, निदान दोन दिवस वाजवा.

डबा कोणता? भोकं कशी पाडायची?

हॅमंड कंपनीच्या आकड्यांवरून जगभर या डब्यांचे आकार ओळखले जातात. सगळ्यात लाडका छोटा म्हणजे १५९०ए: बाहेरून ९२.६ × ३८.५ × ३१ मिलिमीटर. त्याच्याहून ऐसपैस १५९०बी, साधारण ११२ × ६० × ३१. पहिलंच पेडल असेल तर १५९०बी घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो आणि कुणीच ऐकत नाही.

१५९०ए मध्ये बॅटरी विसरा. पॉट ९ मिलिमीटरचे छोटे घ्या, नेहमीचे १६ मिलिमीटरचे शेजारी शेजारी बसवताना भिंतीला घासतात. दोन जॅक समोरासमोर आले तर आत घातलेल्या केबलच्या पिनांची टोकं एकमेकांना भिडतात, म्हणून एक जॅक थोडा वर, दुसरा थोडा खाली. जॅकमध्ये पिन घालून मगच माप घ्या. रिकामा जॅक फसवतो, पिन गेल्यावर त्याची पत्ती बाहेर फाकते आणि बोर्डाला टेकते.

भोकांची मापं: पायाच्या स्विचला १२ मिलिमीटर, पॉटला ७, जॅकला साधारण साडेनऊ ते दहा, अडॅप्टरच्या सॉकेटला बहुधा १२. ‘बहुधा’ म्हणतोय कारण सॉकेट बनवणारे आपापल्या मर्जीने मापं ठरवतात. व्हर्नियर नसेल तर डब्यासारख्याच जाडीच्या पुठ्ठ्यात भोक पाडून बघा. डब्यावर मास्किंग टेप लावा, त्यावर खुणा करा, खिळ्याने हलका ठोका देऊन खड्डा करा, तीन मिलिमीटरच्या ड्रिलने सुरुवात करा आणि मग स्टेप ड्रिलने हळूहळू मोठं करा. डबा हातात धरून कधीही ड्रिल करू नका. ड्रिल अडकलं की डबा भिंगरीसारखा फिरतो.

माझा स्वतःचा पराक्रम: कागदावर आतल्या बाजूने नकाशा काढला आणि तोच बाहेरून चिकटवला. इनपुट-आउटपुट उलटे झाले. नॉबही उलटे. ते पेडल अजून वापरतो, आणि दर वेळी केबल चुकीच्या भोकात घालतो.

पेपरमिंटचा पत्र्याचा डबा चालेल का, हा हमखास पुढचा प्रश्न. दिसतो छान, पण पाय पडला की झाकण खचतं. प्लास्टिकचा डबा चालेल, पण आतून सगळीकडे तांब्याची चिकटपट्टी लावून ती जमिनीला जोडावी लागेल, नाहीतर घरातला प्रत्येक पंखा त्यात गाईल. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यावर डोळा असेल तर आधीच सांगतो: स्टेनलेस स्टील साध्या ड्रिलला दाद देत नाही, आणि मिसळणाचा डबा हरवल्याचं घरात पाच मिनिटांत कळतं.

नऊ पायांच्या स्विचचं वायरिंग डोक्यावरून जातं.

तीन उभ्या रांगा समजा, प्रत्येकीत तीन पाय. प्रत्येक रांगेत मधला पाय आळीपाळीने वरच्याला किंवा खालच्याला जोडला जातो, बस. रांग कोणती आणि ओळ कोणती हे अंदाजाने ठरवू नका. मीटर बीपवर ठेवून, स्विच दाबून तपासा.

पहिल्या रांगेचा मधला पाय इनपुट जॅकला, दुसऱ्या रांगेचा मधला आउटपुट जॅकला, तिसऱ्या रांगेचा मधला जमिनीला. पहिल्या दोन रांगांचे वरचे पाय एकमेकांना जोडा, हा झाला बायपासचा रस्ता, पेडल बंद असताना सिग्नल इथून सरळ पुढे जातो. पहिल्या रांगेचा खालचा पाय बोर्डाच्या इनपुटला, दुसऱ्याचा खालचा व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला. तिसऱ्या रांगेचा खालचा पाय एलईडीच्या ऋण टोकाला. एलईडीचं धन टोक ४.७ केमधून नऊ व्होल्टला. एक पाय रिकामा उरतो, त्याची काळजी करू नका.

एका पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त आयर्न ठेवू नका. आतलं प्लास्टिक मऊ होतं, संपर्क सरकतो आणि स्विच बाहेरून नवाकोरा दिसत असताना मेलेला असतो. वायरींचीं टोकं आधी कथिलाने माखून ठेवली तर काम झटपट होतं.

वायफाय राउटरचा अडॅप्टर चालेल का?

बहुतेक वेळा नाही. गिटार पेडलांच्या दुनियेत पिनच्या मध्यभागी ऋण आणि बाहेर धन असा रिवाज आहे. घरात पडलेल्या अडॅप्टरांचा मध्य बहुधा धन असतो. अडॅप्टरवर छोटं चित्र असतं, ते बघा, आणि मीटरने खात्री करा. आपण वर लावलेला १एन५८१७ याच चुकीसाठी आहे. उलटा अडॅप्टर लावला तर पेडल नुसतं गप्प बसतं, जळत नाही. पेडलची भूक जेमतेम काही मिलिॲम्पिअर आहे, त्यामुळे ‘किती ॲम्पिअरचा घेऊ’ हा प्रश्न उरत नाही. स्वस्त अडॅप्टरमधून शिट्टी येते. मोठ्या डब्यात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावून ऐका. शिट्टी गेली तर दोषी अडॅप्टर.

बॅटरी कायमची ठेवणार असाल तर इनपुटला स्टीरिओ जॅक लावा आणि बॅटरीची काळी वायर त्याच्या रिंगला जोडा. गिटारची मोनो पिन आत गेली की रिंग जमिनीला लागते आणि पेडल चालू होतं. वाजवून झालं की केबल काढायची, नाहीतर बॅटरी रात्रभर झिजत राहते.

सगळं जोडलं, पण आवाजच नाही.

बायपासमध्ये आवाज येतो का? येत नसेल तर बोर्ड निर्दोष आहे, गडबड जॅक किंवा स्विचमध्ये. येत असेल तर मीटर घ्या, काळी पिन जमिनीला. पिन ७ वर नऊच्या जरा खाली, पिन ४ वर शून्य, पिन ६ आणि २ वर साधारण साडेचार यायला हवेत.

पिन ३ वर एक जुनी फसगत होते. मीटर स्वतः थोडा करंट ओढतो आणि तिथे ४७० केचा रेझिस्टर आड आहे. चांगला मीटर ४.३ च्या आसपास दाखवतो. पिवळ्या स्वस्त मीटरची आतली रोधकता १ मेगएवढीच असते, तो सरळ तीन व्होल्ट दाखवतो. मी यापायी दोन निरोगी आयसी फेकले. पिन ६ ठीक असेल तर पिन ३ ला सोडून द्या.

पिन ६ शून्याला किंवा नऊला चिकटलेली असेल तर आयसी उलटा बसलाय का बघा, खाच कुठल्या बाजूला आहे ते तपासा. मग साडेचार व्होल्टचा सांधा. मग पिन २ आणि ६ मधला रस्ता खरंच पूर्ण आहे का.

व्होल्टेज बरोबर आणि तरी शांतता असेल तर सिग्नलचा माग काढा. वायरच्या टोकाला १०० नॅनोचा कपॅसिटर सोल्डर करा, दुसरं टोक ॲम्पच्या केबलच्या मधल्या तारेला, आणि केबलची जाळी पेडलच्या जमिनीला. कुणाला तरी गिटार छेडत बसवा आणि त्या कपॅसिटरच्या मोकळ्या पायाने इनपुटपासून एकेक सांधा टोचत पुढे चला. आवाज जिथे नाहीसा होतो तिथेच चूक आहे. बहुतेकदा ती कोरडा सांधा असते: वरून गोळा दिसतो, आत पाय सुटा. चांगला सांधा चकचकीत आणि उतरता असतो, मण्यासारखा गोल नाही.

आवाज येतो, पण स्वच्छच येतो, फाटत नाही.

डायोड तपासा. दोन्ही सुटे आहेत, किंवा ४.७ केच्या जागी ४७ के बसलाय (पिवळा-जांभळा-लाल हवा, पिवळा-जांभळा-नारिंगी नको). दोन्ही डायोड एकाच दिशेला लागले असतील तर आवाज फाटतो, पण लाटेच्या एकाच बाजूने. काहींना तो आवडतो.

घूं घूं खूप आहे.

बायपासमध्येही असेल तर पेडलला शिव्या देऊ नका. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झ गोळा करतो, आणि जुन्या इमारतींत अर्थिंगची अवस्था सर्वांना माहीत आहे. जागा बदला, गिटार फिरवून बघा. पेडल चालू केल्यावरच वाढत असेल तर डबा जमिनीला जोडलाय का ते पाहा. रंग दिलेल्या डब्यात जॅकच्या नटाखालचा रंग खरवडावा लागतो. शिट्टी येत असेल तर इनपुट आणि आउटपुटच्या वायरी एकमेकींना बिलगल्या आहेत. ११४ पट गेन असलेल्या सर्किटात ही शेजारधर्माची हद्द झाली. इनपुटला शिल्डेड वायर वापरा आणि तिची जाळी एकाच टोकाला जमिनीशी जोडा.

माझ्याकडे ॲम्प नाही. होम थिएटरला लावलं तर गांधीलमाशीसारखं का वाजतं?

गिटारचे स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाहीत. होम थिएटर सगळं प्रामाणिकपणे वाजवतं, त्यात ओव्हरड्राइव्हची किरकिरही आली. मिक्सरवर वरचे सूर निर्दयपणे कापा, किंवा ऑडिओ इंटरफेसमधून फोन-कॉम्प्युटरवर घेऊन कॅबिनेट सिम्युलेटर (गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लावा. पेडल तेच, कानांना मात्र वेगळंच वाटेल.

आवाज बदलायचा असेल तर काय काय करून बघू?

डायोड बदलणं सगळ्यात मजेचं. लाल एलईडी लावले तर छाटणी १.७ व्होल्टच्या आसपास सुरू होते, आवाज मोठा आणि मोकळा होतो. जुन्या रेडिओतले जर्मेनियम डायोड ०.३ व्होल्टच्या आसपास वाहू लागतात, आवाज दबका आणि मऊ. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड लावले की छाटणी असमान होते, बॉस ओडी-१ मध्ये तीच युक्ती होती. मला हीच सगळ्यात आवडते.

बेस गिटारला चालेल का?

४७ नॅनोच्या जागी (पिन २ कडचा) ४७० नॅनो लावा. मर्यादा ७२० वरून ७२ हर्ट्झवर येते आणि बेसचं पोट शाबूत राहतं. शेवटचा ४७ नॅनो तसाच ठेवा.

पावसाळ्यात खरखर वाढते, का?

दमट हवेत जॅक आणि पॉटच्या संपर्कांवर थर चढतो, कोकण-गोव्यात तर लवकरच. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवा, पिन पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. तरी खरखर राहिली तर पॉट बदला.